फक्त सोम-बुध-शुक्र बंद पडणारी गाडी

१

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालचा हिवाळा. बुधवारची पहाट. आमच्या गाडीचं बॉनेट कोणीतरी उघडलं होतं.

नुसतं बघून कळलं नसतं. पुढची काच खरवडायला मी वाकले, बॉनेटवर हात टेकला, तर ते बोटभर खाली दबून पुन्हा वर आलं. खटका बसलेला नव्हता. आदल्या दुपारी मीच गाडी पुसली होती, तेव्हा बॉनेट घट्ट होतं. त्यानंतर मी ते उघडलं नव्हतं आणि यांच्या अंगात उघडायची ताकद नव्हती.

अंगणातल्या दिव्याखाली सगळी गाडी हिमानं पांढरी झाली होती. बॉनेटच्या उजव्या अंगाला पसाभर जागा तेवढी काळी, ओली होती. तेव्हा मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. खटका दाबून बसवला आणि यांना आणायला आत गेले.

यांची मूत्रपिंडं कामातून गेली होती. सोमवार, बुधवार, शुक्रवार डोंगरापलीकडच्या शहरात डायलिसिसच्या खुर्चीत बसायचं, यंत्रानं रक्त धुऊन द्यायचं, की हे पुढचे दोन दिवस माणसासारखे जगायचे. खेप चुकली की अंगात पाणी भरे, घोटे सुजत, उशीवर उशी रचूनही श्वास लागे. टॅक्सीवाले पहाटे डोंगर चढायला तयार नसत. पहिली बस दुपारी पोचे. म्हणजे आम्हाला आमच्या जुन्या, कॉम्प्युटरनं पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्शनच्या गाडीशिवाय सोयरं कोणी नव्हतं.

यांना मागच्या सीटवर रजईत गुंडाळून बसवलं. चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, थरथरलं, दोन गचके दिले आणि गप्प. पुन्हा सेल्फ मारला. पुन्हा तेच. ॲक्सिलरेटर दाबला तर खोकून मेलं. मागून हे म्हणाले, "माझ्यापेक्षा हिचीच तब्येत वाईट आहे गं."

मला हसू आलं नाही. पुन्हा पुन्हा सेल्फ मारत राहिले, शेवटी बॅटरी क्षीण आवाज करू लागली. घराच्या खिडकीत सासूबाई शाल पांघरून उभ्या होत्या. काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ येत होती, जात होती.

बऱ्याच वेळानं कुठूनसं इंजिनाला जीवदान मिळालं. निघालो, डोंगर ओलांडला, पोचलो. खुर्ची दुसऱ्याला दिलेली होती. हेड सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, सोमवारी तुम्ही अर्धा वेळ घालवलात, आज पूर्ण. बाहेर माणसं वाट बघत मरतायत. शुक्रवारी वेळेत आला नाहीत तर खुर्ची जाईल. माझ्या हातात काही नाही."

परतताना हे खिडकीबाहेर बघत होते. मला मात्र बोटभर हललेलं ते बॉनेट आठवत होतं.

कोणीतरी आमची गाडी मुद्दाम बिघडवत होतं.

२

गुरुवारी सकाळी मी नणंदेला बोलावून घेतलं. त्या नदीपलीकडे एकट्या राहत. वजनमापं तपासायच्या खात्यात निरीक्षक होत्या. तराजूखाली चुंबक, पारड्याला मेण, मापाला दुहेरी तळ, असलं सगळं त्या दुकानाच्या पायरीवरूनच ओळखत. बाजारात त्यांना 'शून्यबाई' म्हणत, कारण कुठल्याही दुकानात शिरल्या की पहिला प्रश्न, "रिकामा काटा शून्यावर आहे का?"

वन्संनी कोट न काढताच विचारलं, "आईला काय सांगितलंयस?"

"काहीच नाही. गाडी थंडीनं अडते एवढंच. कोणी बॉनेट उघडतंय म्हटलं तर त्या घाबरतील."

"बरं केलंस. आता पहिल्यापासून सांग."

मी सांगितलं. थंडी सुरू झाली तेव्हा गाडी पहिल्यांदा अडली. मिस्त्रीनं इंजिनाला हवा सोडणारा आयडलचा व्हॉल्व्ह काढून साफ केला, त्यातून काजळीचा लगदा निघाला. म्हणाला, "ताई, जुनी गाडी आहे, थंडी बाधते तिला." त्यानंतर काही दिवस ठीक. मग पुन्हा तेच, आणि दर वेळी आधीपेक्षा वाईट.

"रोज?"

"तेच तर! मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी मी मुद्दाम त्याच वेळी सुरू करून बघते. एका सेल्फमध्ये उठते. या मंगळवारी मिस्त्री स्वतः मफलर गुंडाळून पहाटे आला, तर बाईसाहेब मांजरासारख्या गुरगुरल्या. तो म्हणाला, 'ताई, तुमचा पायच जड आहे.' आणि बुधवारी पुन्हा मेली."

"म्हणजे जायच्या दिवशीच." वन्संनी खिडकीबाहेर गाडीकडे पाहिलं. "यंत्राला वार कळत नाही. माणसाला कळतो."

आतल्या खोलीतून सासूबाईंचा खोकला आला. गेल्या हिवाळ्यात न्युमोनियातून वाचल्यापासून यांनी त्यांना शपथ घातली होती, ऊन पडल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. पहाटे त्यांच्या खोलीतल्या विजेच्या किटलीचा आवाज यायचा, पायाला शेकायला पिशवी भरत. बाकी दिवसभर खाटेवर बसून यांचे लोकरी मोजे विणत.

"अजून काही?" वन्संनी विचारलं. "फालतू वाटेल तेही सांग."

मी बॉनेटवरच्या ओल्या जागेचं सांगितलं. मग एक आठवलं. "चावी फिरवली की समोरचे काटे हलतात ना? तर तापमानाचा काटा थोडा वर होता. अगदी थोडा. जुनी गाडी, काटाही म्हातारा झाला असेल."

वन्संनी कोटाची गुंडी काढता काढता हात थांबवला.

"बंद गाडीत? पहाटे?"

"हो."

"मंगळवारीही होता?"

मी आठवून पाहिलं. मंगळवारी काटा तळाशी झोपलेला होता.

वन्संनी गुंडी परत लावली. "चल. माणसं बघायची आहेत."

३

मिस्त्रीचं गॅरेज पुलाखाली होतं. तो गाडीखाली झोपलेला, बाहेर फक्त बूट.

"मिस्त्री, ही गाडी तुम्हीच बिघडवता आणि तुम्हीच दुरुस्त करता, असं माझी भावजय म्हणते."

"मी कुठं म्हटलं!" मी ओरडले.

बूट हलले, मिस्त्री सरपटत बाहेर आला. चिडलेला नव्हता, दुखावलेला होता. "बाई, थंडी सुरू झाल्यापासून या गाडीनं मला वेडं केलंय. प्लग बदलले, फिल्टर बदलला. रबरी नळ्यांवर स्प्रे मारून पाहिला, कुठं हवा ओढत नाही. पेट्रोलचा दाब बरोबर. आता मला गाडीशी बोलावंसं वाटतं. या साहेबांचं काही बरंवाईट झालं तर मी ताईंना तोंड दाखवू का?"

"इंजिन थंड आहे हे गाडीला कळतं कसं?"

"पाण्याच्या वाटेवर सेन्सर असतो. तो कॉम्प्युटरला सांगतो, थंड आहे. मग कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. पण तो सेन्सर मी नवा टाकलाय, बाई. तो खोटं बोलत नाही."

"बसतो कुठे?"

"समोर, वरच्या बाजूला. उजव्या अंगाला."

वन्संनी मान डोलावली आणि निघाल्या.

माझ्या दिराचा जुन्या गाड्या विकायचा धंदा. आम्हाला बघून म्हणाला, "या, शून्यबाई! वजनकाटा नाही माझ्याकडे, जप्त काय करणार?"

"वहिनीची गाडी तुला हवी आहे ना?"

"हवी कशाला? भंगार आहे ते! दादाला म्हटलं, ती काढ, सेंटरजवळ खोली घे. तर म्हणतो, आईला एकटी ठेवू का?" मग त्याचा आवाज खाली आला. "ताई, खरं सांगू? माझ्याकडे चालती गाडी असती तर मी स्वतः नेलं असतं त्याला. उभ्या आहेत त्या सगळ्या पोटातून रिकाम्या. वहिनी, तुम्ही माझ्यावर संशय घेतला ना? चेहऱ्यावर दिसतोय."

घेतला होता.

राहिला शेजारी. तो छापखान्यात रात्रपाळी करी, पहाटे येऊन झोपे, आणि नेमक्या त्याच वेळी आमची गाडी खोकू लागे. भिंतीवरून त्यानं मला बरंच सुनावलं होतं. आम्ही दार वाजवलं तेव्हा तो सदऱ्याच्या गुंड्या लावत बाहेर आला.

"पहाटे येताना आमच्या गाडीपाशी कोणाला पाहिलंत?" वन्संनी विचारलं.

तो माझ्याकडे विचित्र नजरेनं बघू लागला.

"हे मला का विचारता? यांनाच विचारा. बॉनेट वर करून वाकलेल्या असतात, डोक्यावरून शाल घेऊन. सोमवारी पाहिलं, काल पाहिलं. काल तर दोनदा. मला वाटलं, नवरा आजारी, बाई बिचारी स्वतःच दुरुस्ती करते."

४

वन्सं मला तडक घरी घेऊन आल्या. स्वयंपाकघरात आल्यावर दार लोटून घेतलं.

"तूच आहेस का?"

"वन्सं!"

"माणूस थकतं गं. मी रागावणार नाही. वर्षभर पहाटे उठतेस, डोंगर चढतेस, दिवसभर त्या खुर्चीशी बसतेस. एखाद्या पहाटे वाटत असेल, आज नको."

मला राग यायला हवा होता. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले, कारण एखाद्या पहाटे खरंच तसं वाटे. "वाटतं," मी म्हटलं. "पण मग मी सेल्फ मारते. बॉनेटला हात लावत नाही."

त्या माझ्याजवळ जमिनीवर बसल्या. "ठीक आहे. तू नाहीस."

"मी आज रात्रभर गाडीत बसून राहते."

"आणि उद्या झोपेत डोंगर उतरशील? थांब जरा."

त्या उठून यांच्या खोलीत गेल्या. दार उघडं होतं, मला ऐकू येत होतं.

"काय रे, तुला नको झालंय का हे सगळं? तू तर करत नाहीस?"

हे उशांच्या ढिगावर टेकून बसले होते. दोन शब्दांमध्ये श्वास घेत म्हणाले, "ताई, मला संडासापर्यंत जायला... बायको लागते. बॉनेट उघडायला... कोणाला बोलावू?" मग जरा थांबून, "नको झालंय कधी कधी. पण गाडीवर कशाला राग काढू? तिनं काय केलंय माझं?"

वन्संनी यांच्या सुजलेल्या पायावर हात ठेवला. अंगठ्यानं दाबलं. खड्डा पडला तो तसाच राहिला. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे ओठ पांढरे झाले होते.

"उद्याचा शुक्रवार चुकला तर?" मी विचारलं.

"चुकणार नाही." पण त्यांचा आवाज निरीक्षकाचा नव्हता, बहिणीचा होता.

५

त्या टेबलाशी बसल्या आणि माझ्याशी नव्हे, स्वतःशीच बोलावं तशा बोलू लागल्या.

"दुकानदार काटा बिघडवतो तेव्हा मी काट्याला दोष देत नाही. काटा जे वाटतं ते सांगतो. पारड्याखाली कोणाचं बोट आहे, ते बघायचं. तुझा काटा बुधवारी वर होता, मंगळवारी नव्हता. बंद, गार गाडीत काटा वर कधी जाईल?"

"बिघडला असेल तर."

"मग रोज वर असता. नाही, तो खरंच सांगत होता. त्याच्या आसपास ऊब होती. बॉनेटवरचं हिम उजव्या अंगाला का वितळलं? तिथे खाली काहीतरी गरम होतं. आणि मिस्त्रीचा सेन्सरही तिथेच."

मला अजून कळलं नव्हतं.

"अगं, सगळं इंजिन बर्फ, आणि तो एवढासा सेन्सर उबेत. तो कॉम्प्युटरला सांगतो, इंजिन गरम आहे. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतच नाही. गार इंजिनाला तेवढं पेट्रोल पुरत नाही, ते उपाशी मरतं. पाणी फिरून सेन्सर गार होईपर्यंत तू सेल्फ मारमारून बॅटरी संपवतेस. मग कोणी बघायला येईतो सगळं जिथल्या तिथे."

"पण इतकं कळणारा माणूस..."

"कळत नाही म्हणूनच केलंय. बिघडवायचं असतं तर वायर तोडणं सोपं. यानं ऊब दिली आहे. पहाटे, आपल्या जायच्या वेळेआधी. एकदा ठेवायला, एकदा काढायला. शेजाऱ्यानं दोनदा पाहिलं ते हेच. बॉनेट कसं उघडायचं माहीत आहे. तुझे वार माहीत आहेत. बाई आहे. शाल आहे. आणि आपल्याला दिसू नये म्हणून..."

त्या मध्येच थांबल्या. टेबलाच्या कडेवर ठेवलेला हात तसाच राहिला.

"आमचे बाबा बस चालवायचे," त्या अगदी हळू म्हणाल्या. "थंडीत पहिली फेरी असली की आई चुलीवरून बादलीभर कढत पाणी न्यायची. इंजिनावर पोती टाकायची. मी लहान होते. बस मग लगेच सुरू व्हायची. जुन्या इंजिनांना ते चालायचं."

आतून सासूबाई खोकल्या.

६

सासूबाई मोजा विणत होत्या. आम्हा दोघींना एकदम आत आलेलं बघून त्यांनी सुया मांडीवर ठेवल्या.

"आई, गरम पाण्याची पिशवी पहाटे कुठे ठेवतेस?"

"पायाशी."

"कोणाच्या?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, यांना ऐकू जात नाही ना ते. मग लहान मुलीसारख्या हसल्या. "त्याला सांगू नकोस गं. शपथ मोडली म्हणून ओरडेल. मिस्त्री म्हणाला ना, गाडीला थंडी बाधते? मग मी म्हटलं, बसला काय आणि गाडीला काय, इंजिन ते इंजिन. पुढच्या त्या पाण्याच्या नळीवर ठेवते, वर जुनं पांघरूण. निघायच्या आधी काढून घेते. दमते जरा, पण..."

आमचे चेहरे बघून त्या थांबल्या.

"काय झालं?"

बाजारातल्या कुठल्याही गुंडाला न डरणाऱ्या वन्सं जमिनीकडे बघत होत्या. "आई, ही गाडी वेगळी आहे. तिला शेक चालत नाही. तिला गार आहे हे कळावं लागतं."

सासूबाईंनी ते ऐकलं. समजायला त्यांना वेळ लागला नाही, त्या हुशार होत्या. "म्हणजे सोमवारी..."

"हो."

"आणि काल?"

वन्संनी होकारार्थी मान हलवली.

"काल मी दोनदा भरली पिशवी," सासूबाई म्हणाल्या. "सोमवारी उशीर झाला ना, म्हणून काल जास्त वेळ ठेवली." त्यांनी सुया उचलल्या, दोन टाके घातले, मग मोजा तसाच खाली ठेवला. "खटकाही बसला नाही माझ्यानं. हात गारठले होते."

मी त्यांच्याजवळ बसले. त्यांना जवळ घेता आलं असतं. पण त्यांनी पाठ इतकी ताठ केली होती, की हात लावायची हिंमत झाली नाही.

शुक्रवारी पहाटे सासूबाई खिडकीत खुर्ची घेऊन बसल्या होत्या, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरलेले. यांना उचलून गाडीत ठेवावं लागलं, दीर आला होता त्यासाठी. यांना बोलता येत नव्हतं. गाडी सगळीकडून सारखी पांढरी होती. मी चावी फिरवली. तापमानाचा काटा तळाशी पडून होता. सेल्फ मारला.

इंजिन उठलं. गार इंजिनानं करावा तसा मोठा आवाज केला, तो तसाच धरून ठेवला आणि मग हळूहळू स्वर खाली आणला. शेजारच्या खिडकीतून ओरडणं आलं नाही. दिरानं माझ्या काचेवर थाप मारली, "जा, जा!"

आम्ही वेळेत पोचलो. हेड सिस्टरनं यांच्याकडे एक नजर टाकली आणि न बोलता खुर्ची मागे पाडली. संध्याकाळी परतताना हे म्हणाले, "गाडीची नळी चिरली होती का कुठली?" मी म्हटलं, हो.

७

मिस्त्रीला वन्संनी सगळं सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला, आणि पुढे दर थंडीत गिऱ्हाइकांना विचारू लागला, "घरात गाडीवर माया करणारं कोणी आहे का?" त्याचा मुलगा आता तेच गॅरेज चालवतो. शेजाऱ्याला दिवसपाळी मिळाली, आणि पहाटे आमच्या गाडीशिवाय जाग येत नाही म्हणून तो कुरकुर करू लागला. दिरानं दुसऱ्या वर्षी एक धड गाडी आमच्या दारात आणून लावली. संशयाचं माझ्याशी पुन्हा बोलला नाही, मीही नाही. जुनी गाडी त्यानंच नेली, कुठे गेली मी विचारलं नाही.

हे आणखी काही हिवाळे जगले. चांगले जगले म्हणायला हवं. गेले ते हृदयानं. सासूबाई यांच्या आधी गेल्या, हे त्यातल्या त्यात बरं झालं. वन्सं मागच्या वर्षी गेल्या, म्हणून हे लिहिते आहे.

त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी सासूबाईंनी हट्ट धरला, मलाही सेंटरला यायचंय. डॉक्टरांना भेटायचंय. ऊन पडायच्या आत, शाल गुंडाळून, त्या माझ्या शेजारच्या सीटवर बसल्या. वन्सं मागे, यांच्याबरोबर. पोचल्यावर वन्सं "मी बघते डॉक्टर मोकळे आहेत का" म्हणून आधी आत गेल्या, जरा जास्तच वेळ आत राहिल्या. मग सासूबाईंना नेलं. मी दारात होते.

"डॉक्टर, त्या चुकलेल्या खेपांनी माझ्या मुलाचं आयुष्य कमी झालं का?"

"नाही आजी," डॉक्टर म्हणाले. "काही फरक पडला नाही. एक-दोन खेपांनी काही होत नाही."

आदल्या आठवड्यात याच डॉक्टरांनी मला हृदयावर आलेल्या ताणाचं चित्र उजेडात धरून दाखवलं होतं.

परतताना वन्संना त्यांच्या घरी सोडलं. हे मागे झोपले होते. पूल ओलांडल्यावर सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"डॉक्टर खोटं बोलला," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"विचारलं मी, आणि उत्तर देताना बघत होता तुझ्या वन्संकडे." त्यांनी मागे वळून यांची रजई नीट केली. "पण तिला सांगू नकोस हं मला कळलं म्हणून. जन्मात पहिल्यांदाच असलं काही करायला गेली असेल बिचारी."